शाळकरी मुलीला विसाव्या शतकाचा इतिहास गोष्टीच्या पुस्तकांतून शिकवता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी यंदा नववीत गेली, सनावळ्या पाठ करून गुण मिळवते, पण दुसऱ्या महायुद्धात नक्की काय झालं हे तिला चार वाक्यांत सांगता येत नाही. जाड ग्रंथ ती उघडणार नाही. मग कादंबऱ्या आणि मुलांसाठीची माहितीची पुस्तकं देऊन भागेल का, आणि कोणती द्यावीत? तुम्ही सोलापुरातच राहता असं लिहिलंय, म्हणून जरा ऐसपैस उत्तर देते. मी इथल्याच एका शाळेचं ग्रंथालय सांभाळते.

भागेल. फक्त पुस्तकं एकेकटी देऊ नका, जोडीनं द्या. एक गोष्टीचं, एक घडलेल्या हकिकतीचं, दोन्ही एकाच काळातली, आणि जमलं तर विरुद्ध बाजूंची. नुसती कादंबरी दिली की मुलं रडून मोकळी होतात आणि पुढचं पुस्तक मागतात. नुसतं माहितीचं पुस्तक दिलं तर चित्रं बघून परत करतात. दोन्ही एकदम हातात आली की कुठेतरी ती एकमेकांशी जुळत नाहीत, आणि तिथे मूल आपणहून विचारतं, ‘मग खरं काय?’ हा प्रश्न आला की माझं काम झालं असं मी समजते.

सुरुवात ‘तोत्तोचान’पासून करा. नॅशनल बुक ट्रस्टनं काढलेला मराठी अनुवाद आहे. तेत्सुको कुरोयानागी यांनी आपल्या लहानपणच्या शाळेच्या आठवणी त्यात लिहिल्या आहेत: आगगाडीच्या जुन्या डब्यांत भरणारे वर्ग, मुलांचं बोलणं तासन्‌तास ऐकणारे कोबायाशी मुख्याध्यापक, वाटेल तिथे बसायची मुभा. आपल्याकडे शिक्षक आणि पालक हे पुस्तक ‘शाळा कशी असावी’ म्हणून वाचतात, आणि त्यात युद्ध आहे हे कित्येकांच्या लक्षातही राहत नाही. मुलीला सांगा, युद्ध कुठे कुठे दिसतं तिथे पेन्सिलीनं खूण करत वाच. (पुस्तक स्वतःचं असेल तर. ग्रंथालयाच्या पुस्तकात खुणा दिसल्या तर मी दंड घेते.) मग एकेक सापडायला लागतं. स्टेशनवरच्या यंत्रात नाणं टाकलं की कॅरॅमलचं पाकीट बाहेर यायचं. ते यंत्र कधीचंच रिकामं झालंय, तरी तोत्तोचान आशेनं नाणं टाकून बघते. तिचे वडील व्हायोलिन वाजवतात. युद्धाची गाणी वाजवली तर साखर-तांदूळ मिळणार असतात, घरात खायची वानवा असते, आणि तरी ते नाही म्हणतात. शाळेची देखभाल करणारा, सगळ्यांचा लाडका र्‍योचान, त्याला सैन्यात बोलावणं येतं. शेवटी शाळाच बॉम्बहल्ल्यात जळून जाते. सेनापती, तह, आघाड्या यांतलं पुस्तकात काही नाही. जपानवर काय वेळ आली होती ते त्या रिकाम्या यंत्रावरून कळतं.

आता याच्या जोडीला डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं चरित्र, छोटं मिळेल ते घ्या. भैय्या चौकातल्या त्यांच्या स्मारकावरून आपली मुलं रोज सायकली दामटत जातात, आत किती जणांनी पाऊल ठेवलंय विचारा. १९३७ साली जपाननं चीनवर चढाई केली. १९३८ साली काँग्रेसनं पाच डॉक्टरांचं पथक चीनला पाठवलं, त्यात सोलापुरात जन्मलेले, अजून तिशीही न गाठलेले कोटणीस होते. बाकीचे चौघे परत आले. हे उत्तर चीनमध्येच राहिले, आघाडीजवळच्या रुग्णालयात शस्त्रक्रिया करत राहिले, तिथल्याच ग्वो छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी, तिथेच गेले. मुलगा तेव्हा काही महिन्यांचा होता.

दोन्ही पुस्तकं झाली की सालं शेजारी शेजारी लिहायला सांगा. १९४२ साली तोत्तोचान नऊ वर्षांची आहे, तोक्योत त्या डब्यांच्या शाळेत जाते आहे. त्याच वर्षी तिच्याच देशाच्या सैन्यानं झाडलेल्या गोळ्या आपल्या सोलापूरचा डॉक्टर चिनी सैनिकांच्या अंगातून काढतो आहे. मुलं इथे हमखास अडखळतात, कारण तोत्तोचानवर जीव जडलेला असतो आणि कोटणीस तर आपल्या गावचे. आमच्याकडे आठवीतल्या एकीनं विचारलं, ‘बाई, र्‍योचानला पण चीनलाच पाठवलं असेल का?’ पुस्तकात याचं उत्तर नाही आणि मीही दिलं नाही. पण ‘जपान वाईट, चीन चांगला’ असं एका ओळीचं उत्तर ती पोर आता लिहिणार नाही.

याला लागूनच तिसरं पुस्तक येतं, सादाको सासाकीचं. एलिनॉर कोअर या लेखिकेची ‘सादाको अँड द थाउजंड पेपर क्रेन्स’ ही छोटीशी इंग्रजी कादंबरी आहे, १९७७ ची. इंग्रजी सोपं आहे, मराठी माध्यमातली नववीची मुलगी शब्दकोश जवळ ठेवून वाचू शकते. हिरोशिमावर ६ ऑगस्ट १९४५ ला बॉम्ब पडला तेव्हा सादाको दोन वर्षांची होती. दहा वर्षांनी तिला रक्ताचा कर्करोग झाला. हजार कागदी क्रौंच घडी घालून केले तर इच्छा पुरी होते अशी समजूत, म्हणून ती रुग्णालयात पडल्या पडल्या ते करत राहिली आणि २५ ऑक्टोबर १९५५ ला, बाराव्या वर्षी, गेली. कादंबरीत तिचे ६४४ च क्रौंच होतात आणि उरलेले ३५६ वर्गातली मुलं पुरे करतात. वाचताना घसा दाटून येतो. पण तिचा सख्खा भाऊ आणि हिरोशिमाचं संग्रहालय सांगतात की तिनं हजारावर केले होते, हजार झाल्यावरही थांबली नव्हती.

हे मुलीला आधी सांगू नका. कादंबरी वाचून होऊ द्या, मग सांगा आणि विचारा: लेखिकेनं आकडा का कमी केला असेल? माझ्याकडे याची उत्तरं फार छान येतात. ‘अपुरं राहिलं की जास्त वाईट वाटतं’ हे बहुतेकांना सुचतं. एक मुलगा म्हणाला की हजार पुरे करूनही ती वाचली नाही, हे लहान मुलांना सांगायला लेखिका घाबरली असेल. मला स्वतःला खरी हकिकत कादंबरीपेक्षा कितीतरी कठोर वाटते. पण ती कळायला आधी कादंबरी वाचलेली असावी लागते, म्हणून मी अजून ते पुस्तक कपाटातून काढून टाकलेलं नाही.

युरोपकडे वळायचं तर अ‍ॅन फ्रँकची डायरी आहेच, मराठीत सहज मिळते. एवढंच सांगून ठेवा की ती आहे तशी खरडलेली वही नाही. मार्च १९४४ मध्ये तिनं रेडिओवर ऐकलं की युद्धानंतर लोकांच्या डायऱ्या आणि पत्रं जपून ठेवायची आहेत, तेव्हा तिनं आपलीच डायरी छापण्याजोगी व्हावी म्हणून पुन्हा लिहायला घेतली. पंधरा वर्षांची मुलगी लपून राहिलेल्या जागेत बसून स्वतःचा मजकूर सुधारते आहे, हे कळल्यावर नववी-दहावीच्या मुली तिला बिचारी समजणं सोडून देतात. ४ ऑगस्ट १९४४ ला ते सगळे पकडले गेले.

‘द बॉय इन द स्ट्राइप्ड पजामाज’ मात्र मी एकटं देत नाही. मुलांना ते भयंकर आवडतं आणि तेच अडचणीचं आहे. छळछावणीच्या अधिकाऱ्याचा नऊ वर्षांचा मुलगा कुंपणापाशी जाऊन आतल्या मुलाशी दोस्ती करतो, आणि त्याला काहीच ठाऊक नसतं! आउशवित्झला त्या वयाच्या बहुतेक ज्यू मुलांना गाडीतून उतरल्या उतरल्या मारलं जायचं, कुंपणात वीज खेळवलेली, वर पहारा. २०२० साली आउशवित्झच्या स्मारक-संग्रहालयानंच सांगितलं की हा विषय शिकणाऱ्यांनी आणि शिकवणाऱ्यांनी हे पुस्तक टाळावं. मी टाळायला सांगत नाही, पण अ‍ॅनच्या डायरीनंतरच देते आणि ‘यात न पटणाऱ्या पाच गोष्टी लिहून आण’ अशी अट घालते.

त्याच काळावरची उलट बाजूची चांगली कादंबरी म्हणजे लोइस लोअरींची ‘नंबर द स्टार्स’. १९४३ साली डेन्मार्कमधल्या सात हजारांवर ज्यूंना होड्यांतून स्वीडनला पळवलं, त्यावर आहे. नाझींच्या कुत्र्यांना होडीत लपलेल्या माणसांचा वास लागू नये म्हणून सशाचं वाळलेलं रक्त आणि कोकेन लावलेला रुमाल वापरतात, मुलांना वाटतं लेखिकेनं रचलंय. शेवटच्या टिपणात ती स्वतः सांगते की मुलगी काल्पनिक, रुमाल खरा. ऐतिहासिक कादंबरी विकत घेताना मी आधी शेवटची पानं उघडते. कुठलं खरं, कुठलं रचलेलं हे लेखकानं सांगितलं असेल तर पुस्तक घ्यायचं. आपल्याकडच्या फार थोड्या ऐतिहासिक कादंबऱ्या या कसोटीला उतरतात, हे जाता जाता.

मुलगा असता तर एक आणखी सांगितलं असतं, पण मुलींनाही लागू आहे: आपल्याकडे पदपथावरच्या पुस्तकांच्या ढिगात हिटलरचं आत्मचरित्र वरच असतं आणि दहावी-अकरावीत त्याचं आकर्षण वाटतंच. ओढून घेऊ नका. वि. ग. कानिटकरांचं ‘नाझी भस्मासुराचा उदयास्त’ हातात द्या. जाड आहे, पण ज्याला त्या विषयाचा नाद लागलाय तो जाडीला भीत नाही.

आपल्या घरचं शतक मी मुद्दाम शेवटी ठेवलंय, कारण त्यासाठी पुस्तकं कमी आणि पाय जास्त लागतात. ‘श्यामची आई’ मुलीनं वाचलं असेलच. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं. त्यातला एकच प्रसंग पुन्हा वाचायला सांगा: म्हाताऱ्या महारणीच्या डोक्यावर कोणी मोळी चढवून देत नाही. आई श्यामला म्हणते, जा, उचलून दे, आणि मग घरी येऊन आंघोळ कर. या आंघोळीवर बोला. मग त्याच गुरुजींनी मे १९४७ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, पंढरपुरात, विठ्ठलमंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून केलेल्या उपोषणाबद्दल वाचा. आईच्या त्या आंघोळीपासून मुलाच्या उपोषणापर्यंत एका माणसाच्या आयुष्यात काय बदललं, यावर मुलं तासभर बोलतात.

चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांजवळून जाताना मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन ही नावं तिनं वाचली असतील. मे १९३० मध्ये सोलापुरात काही दिवस इंग्रजांचा अंमल उरला नव्हता, मग १२ मेपासून मार्शल लॉ लागला, गांधी टोपीवरसुद्धा बंदी आली, आणि १२ जानेवारी १९३१ ला या चौघांना येरवड्यात फाशी दिलं. आठवीच्या पुस्तकात हे परिच्छेदभर आहे. इथे मी उलटं करते: त्या मे महिन्यातल्या सोलापुरातल्या तेरा वर्षांच्या मुलीची एक पानाची डायरी लिहायला लावते. दोन ओळी लिहून होत नाहीत तोच मुलं उठून येतात. दुकानं उघडी होती का? मिलचा भोंगा वाजत होता का? टोपी घातली तर खरंच पकडायचे? कादंबरी लिहिणाऱ्याला काय काय शोधावं लागतं ते तेव्हा कळतं.

आणि कधी एस.टी.नं नळदुर्गला जाल तेव्हा तिला सांगा, १५ ऑगस्ट १९४७ ला सोलापूर स्वतंत्र झालं, पण तासाभराच्या वाटेवरचं हे गाव निजामाच्या राज्यात होतं. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौज सोलापूरच्या बाजूनं याच रस्त्यानं आत शिरली आणि १७ तारखेला निजाम शरण आला. तुळजापूर-उमरग्याकडचे कोणी आजी-आजोबा नात्यात असतील तर त्यांना लहानपणी काय ऐकलं ते विचारू द्या. बहात्तरच्या दुष्काळाचं, सुकडीचं आणि मिलोच्या लाल भाकरीचं तर कोणतीही आजी सांगेल.

एवढं सगळं एका वर्षात नको. दिवाळीच्या सुट्टीत ‘तोत्तोचान’ आणि कोटणीस, उन्हाळ्यात सादाको आणि अ‍ॅन, बाकी तिच्या कलानं. विकत घेण्याआधी हिराचंद नेमचंद वाचनालयात चौकशी करा. तुम्हीही तीच पुस्तकं वाचा, नाहीतर बोलणार काय? आणि राज्य मंडळाचं नववीचं इतिहासाचं पुस्तक १९६० नंतरच्या भारताचं आहे, तेव्हा यातलं जवळपास काहीच तिच्या पेपरात येणार नाही. गुण वाढतील या आशेनं करत असाल तर आधीच सांगते, वाढणार नाहीत.