प्रौढ कामगारांच्या प्रशिक्षणात खेळांचा खरोखर उपयोग होतो का? आमचे वयस्क कामगार गुणतक्ता असलेल्या ॲपला प्रतिसाद देत नाहीत. दुसरे कोणते ॲप घ्यावे?

उपयोग होतो. मात्र ‘वयस्क कामगार प्रतिसाद देत नाहीत’ हे वाक्य मी सोलापुरात, अक्कलकोट रस्त्यावरील एका टॉवेल कारखान्यात मागखात्याचा पर्यवेक्षक असताना, आमच्या मनुष्यबळ अधिकाऱ्यांच्या तोंडून शब्दशः ऐकले आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

त्या वर्षी गड्ड्याची जत्रा आटोपली आणि कारखान्यात मोबाइलवरची प्रश्नमंजूषा आली. उत्तराला 20 सेकंद, लवकर दिल्यास जादा गुण आणि दर शनिवारी हजेरीच्या खिडकीशेजारी नावांची क्रमवार यादी. आमचे बरेच विणकर घरी तेलुगू बोलणारे. मराठी बोलण्यात त्यांना अडचण नव्हती, पण छापील मराठी घाईने वाचणे जमत नव्हते. चालत्या मागाच्या आवाजावरून बिघाड ओळखणारे आमचे सर्वांत जुने जॉबर (माग दुरुस्त करून जुळवणारे कारागीर), ज्यांना सगळे मामा म्हणत, यादीत शेवटून दुसरे आले आणि चार महिन्यांपूर्वी लागलेला मुलगा पहिला. पुढच्याच आठवड्यात त्या मुलाला पाइल बीमचा, म्हणजे टॉवेलचे लूप बनवणारे धागे गुंडाळलेल्या रुळाचा, ताण जुळवता येईना, तेव्हा मामांनी तो निमूटपणे जुळवून दिला. प्रशिक्षणाच्या खोलीत मात्र पुन्हा पाऊल ठेवले नाही. वयस्क कामगारांना शिकण्याची इच्छा नाही, असे अहवालात लिहिले गेले.

मग मी एक खेळ मांडला. नाकारलेल्या मालातून वीस सदोष टॉवेल काढले आणि मामा खोलीत येणार नाहीत म्हणून मेजच मागखात्यात नेले. प्रत्येक गटात एक जुना विणकर, एक नवा आणि शिलाई विभागातील एक बाई. दोष ओळखायचा, कारण सांगायचे आणि मागावर जाऊन ते दाखवायचे. कारण मात्र नव्या विणकरानेच सांगायचे, म्हणजे जुन्याला ते समजावून देणे भाग पडे. एका टॉवेलवर लूप आखूड पडले होते आणि मुलाने फणीला, म्हणजे आडवा धागा ठोकून बसवणाऱ्या मागाच्या कंगव्याला, दोष दिला. तेव्हा मामांनी खिशातला कंगवा आणि दोन दोरे काढले. तीन बाण्यांच्या (आडव्या धाग्यांच्या) टेरी, म्हणजे टॉवेलच्या लूपदार, विणीत पहिले दोन बाणे कापडाच्या कडेपासून किंचित मागे राहतात, तिसऱ्याच्या वेळी फणी तिन्ही एकदम पुढे ठोकते, आणि खालचा ताणा (उभे धागे) ताठ व पाइलचा सैल असल्यामुळे सैल धाग्यांचे लूप उभे राहतात, हे त्यांनी मेजावर करून दाखवले. पाइलचा ताण वाढला की लूप आखूड होणारच. पूर्वी असा ताण बिघडलेला माग शिफ्ट संपेपर्यंत चालत राही. त्यानंतर नवी मुले तो स्वतः थांबवू लागली.

ही काही माझी नवी कल्पना नव्हे. 1932 साली लेनिनग्राडमध्ये मेरी बिर्श्टाइन यांनी टंकलेखन यंत्रांच्या कारखान्यासाठी जो खेळ रचला, त्यात व्यवस्थापकांना उत्पादनातल्या अडचणीच सोडवायच्या होत्या. कामातली अडचण हाच खेळ असावा. सामान्यज्ञानाच्या प्रश्नांना गुण चिकटवले म्हणजे प्रशिक्षण होत नाही, ती शाळेची परीक्षाच राहते, आणि ज्यांनी शाळा लवकर सोडली त्यांना ती पुन्हा का द्यायला लावायची?

ॲपबद्दल थोडक्यात: तेच प्रश्न काही दिवसांच्या अंतराने पुन्हा विचारणारे, प्रश्न वाचून दाखवणारे आणि गुण फक्त ज्याचे त्याला दाखवणारे असेल, तर कोणतेही चालेल. एक सांगायचे राहिले. विजेचे काम, आग आणि यंत्राची संरक्षक जाळी यांचे शिक्षण खेळावर सोडू नये. तिथे प्रत्यक्ष सराव करून घ्यावा. शिवाय माझा सारा अनुभव मागखात्याचा आहे, कार्यालयीन कर्मचाऱ्यांना तो तसाच लागू पडेल असे नाही.

नवे ॲप घेण्याआधी आपला गुणतक्ता महिनाभर बंद ठेवून पाहावा. आमच्या अधिकाऱ्यांनाही मी हेच सुचवले होते. मी नोकरी सोडली त्या दिवशीही हजेरीच्या खिडकीशेजारी ताजी यादी लागलेली होती.