विकतचा संघ, उसनी गाणी?

प्रश्न : अमेरिकेच्या मेजर लीग सॉकरमध्ये संघ म्हणजे लीगकडून विकत घेतलेली फ्रँचायझी असते, तळाला राहूनही खालच्या श्रेणीत जावे लागत नाही आणि पाठीराख्यांची गाणी, ढोल, गळपट्टे हे सारे परदेशांतून उचललेले दिसते. ही निष्ठा अस्सल मानावी का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : रचनेचे आपले वर्णन बरोबर आहे, किंबहुना ते थोडे सौम्यच आहे. १९९६ मध्ये सुरू झालेल्या या लीगमध्ये खेळाडूंचे करारही क्लबशी नव्हे, तर लीगशी होतात. मालकाने गाशा गुंडाळला, तर शहराच्या हाती फारसे काही उरत नाही. २००५ च्या हंगामानंतर सॅन होजेचे खेळाडू ह्यूस्टनला हलवले गेले आणि पुढची दोन्ही विजेतेपदे त्यांनी तिथे मिळवली. २०१९ मध्ये एफसी पुणे सिटी बंद होऊन तिची जागा हैदराबादच्या संघाने घेतल्याचे पाहिलेल्या आपल्यासारख्यांना हे नवे नाही.

मात्र गाणे कुठून आले, यावरून मी अस्सलपणा ठरवणार नाही. चाली तर युरोपातले क्लबही एकमेकांच्या उचलतात. ओहायो राज्यातल्या कोलंबसमध्ये काय घडले, ते पाहावे. ऑक्टोबर २०१७ मध्ये कोलंबस क्रूचे तेव्हाचे मालक अँथनी प्रीकोर्ट हे संघ ऑस्टिनला नेण्याच्या विचारात असल्याचे जाहीर झाले, तेव्हा पाठीराख्यांनी ‘सेव्ह द क्रू’ ही मोहीम उभारली. क्लीव्हलँडचा अमेरिकन फुटबॉल संघ बाल्टिमोरला गेल्यानंतर ओहायो राज्याने १९९६ मध्ये एक कायदा केला होता : सार्वजनिक पैशाचा लाभ घेतलेल्या संघाला शहराच्या संमतीशिवाय हलवायचे असेल, तर सहा महिन्यांची सूचना आणि स्थानिकांना खरेदीची संधी देणे बंधनकारक आहे. त्याच्या आधारे राज्य आणि शहर मार्च २०१८ मध्ये न्यायालयात गेले, अखेर हॅस्लम आणि एडवर्ड्स कुटुंबांनी संघ घेतला आणि २०२० मध्ये तोच संघ विजेता ठरला.

प्रीकोर्ट यांनाही ऑस्टिनमध्ये नवा संघ मिळालाच, कारण ही व्यवस्था मालकाला सहसा रिकाम्या हाताने पाठवत नाही. गंमत म्हणजे मे २०२१ मध्ये संघ वाचवणाऱ्या नव्या मालकांनीच त्याचे नाव ‘कोलंबस एससी’ करायचे ठरवले. पाठीराखे पुन्हा उभे राहिले आणि काही दिवसांतच ‘क्रू’ हे नाव परत आले.