पिवळ्या दगडाखालचा काळा थर

प्रश्न : आजोबांचा वस्तरा पुन्हा वापरात आणायचा आहे, म्हणून जुन्या वस्तूंच्या दुकानांत धारेचा दगड शोधतो आहे. एके ठिकाणी तेलकट, मळलेला दगड दिसला. वरून पिवळट, खालून काळपट. मधे जरा खोलगट. ‘तुटलेला होता, कुणीतरी चिकटवलाय,’ असं दुकानदार म्हणाला. घ्यावा का?

उत्तर : आधी दगड आडवा धरून त्याची कड बघा. मोडून जोडलेल्या दगडाचा सांधा वेडावाकडा, बहुधा रुंदीत असतो. तुमच्या दगडात दोन थरांमधली रेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लांबीत सरळ गेली असेल, तर दुकानदाराला दगड कळलेला नाही, आणि ते तुमच्या पथ्यावरच पडेल.

बेल्जियममधल्या आर्देन डोंगरात कोटिक्यूल नावाचा पिवळा दगड निघतो. त्याचे थर इतके पातळ की नुसती वडी हातात मोडेल, म्हणून खाली पाटीचा काळा दगड चिकटवूनच तो विकायची पद्धत आहे. काही वेळा हा जोड खाणीतला, निसर्गाचाच असतो. पिवळ्या थरात गार्नेट या कठीण खनिजाचे बारीक कण असतात आणि धार तेच काढतात. दुकानदाराची परवानगी काढून कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाका आणि दगडाच्याच जातीचा तुकडा मिळाला तर त्याने घासा. दुधाळ पाणी सुटलं तर आशेला जागा आहे. बोट फिरवल्यावर तो साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत लागायला हवा. दोन रंगांचा, पण खरखरीत आणि सगळीकडे एकसारखे दाणे दिसणारा दगड असेल, तर तो कारखान्यातला, सुऱ्या-पटाशींचा. तो सोडा.

आता खोलगटपणा. वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकवावी लागतात, म्हणून पृष्ठभाग सपाट हवा. पोलादी पट्टी दगडावर कडेने उभी ठेवून उजेडाकडे बघा. फटीतून किती प्रकाश येतो, यापेक्षा सपाट केल्यावर पिवळं किती उरेल, हा खरा प्रश्न. मधोमध नखाइतकाच थर राहिला असेल, तर दगड कितीही जुना असो, घेऊ नका. आडवी चीर दिसली तर तिच्यावरून नख फिरवा. नख अडकलं तर धारही अडकेल.

दुकानात शोधताना न्हाव्याच्या धोकटीपेक्षा सुतारी हत्यारांचे खण आधी उपसा. लाकडी पेटी असेल तर दगड बाहेर काढून टोकाची चिठ्ठी बघा. जर्मनीतल्या थुरिंजियाचे, झोनेबर्गच्या एशर कंपनीचे दगड अशा चिठ्ठीवर ओळखले जातात आणि चिठ्ठीमुळेच भाव खातात. माझ्या मते तो पैसा कागदाला जातो. धार चिठ्ठीतून निघत नाही. तळहातात मावणारे न्हाव्यांचे कृत्रिम दगडही मिळतात. वस्तऱ्याची धार अधूनमधून ताजी करायला ते उत्तम.

घरी आणल्यावर भांडी घासायचा साबण आणि कोमट पाणी पुरे. आम्ल नको. उकळत्या पाण्यात तर मुळीच टाकू नका, जुना सांधा सुटतो. मग जाड काचेवर ओला पॉलिश पेपर ठेवून त्यावर दगड घासा. आधी दगडावर पेन्सिलने जाळी काढा. जाळीतली मधली रेघ पुसली गेली की दगड सपाट झाला. सगळं ओलंच करायचं, कोरडी धूळ फुफ्फुसाला वाईट.

वस्तरा लावताना आधी दुधाळ पाण्यावर, नंतर ते हळूहळू पातळ करत साध्या पाण्यावर या. दाट पाण्यात दगड भराभर कापतो, साध्या पाण्यात धार नितळ करतो. मग चामोटीवर, म्हणजे चामड्याच्या पट्ट्यावर फिरवा. मात्र आजोबांच्या वस्तऱ्याला दिसेल इतकी खाच असेल, तर या दगडावर वेळ घालवू नका. ती आधी हजार ग्रिटच्या, म्हणजे याहून भरड दाण्याच्या दगडावर काढून मगच इकडे वळा.