डिग्री आहे पण रजिस्ट्रेशन लॅप्स झालंय, 'आर्किटेक्ट' लिहू शकतो का?

बाणेरहून एकांनी लिहिलंय. बी.आर्क. झालंय, कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरचं, म्हणजे आर्किटेक्टांचं रजिस्टर ठेवणाऱ्या संस्थेचं, रजिस्ट्रेशन होतं, 2019 नंतर रिन्यू करायचं राहून गेलं, पाटी-लेटरहेड-ड्रॉइंग सगळीकडे 'आर्किटेक्ट' मात्र तसंच चालू राहिलं. 2021 मध्ये एका बंगल्याचं काम घेतलं, ते पूर्ण होऊन अडीच वर्षं झाली, शेवटच्या टप्प्याची फी क्लायंटने अडकवली आणि आता त्याच्या वकिलाची नोटीस आलीय की तुम्ही आर्किटेक्ट नव्हताच, घेतलेली फी पण परत करा नाहीतर फौजदारी करू. शेवटी वैतागून विचारलंय की पाच वर्षं घासून मिळवलेलं नाव लावायला सरकारची परवानगी कशाला, असा कायदा असावाच का.

अशी पत्रं बरीच येतात आणि बहुतेकांत डिग्रीचा फोटो जोडलेला असतो. डिग्रीवर कुणाचा आक्षेपच नाहीये हो. सगळं अडलंय ते आर्किटेक्ट्स ॲक्ट 1972 च्या व्याख्येत. त्या व्याख्येप्रमाणे आर्किटेक्ट म्हणजे ज्याचं नाव त्या वेळी कौन्सिलच्या रजिस्टरमध्ये आहे तो. त्या वेळी, म्हणजे पूर्वी होतं ते चालत नाही आणि उद्या परत लागणार आहे तेही चालत नाही. आणि कलम 27 म्हणतं की रिन्यूअलची फी मुदतीत आली नाही तर रजिस्ट्रार नाव काढून टाकेल. तेव्हा तुमची केस एका तारखेवर आहे, नाव रजिस्टरमधून नेमकं कधी निघालं. तुम्ही तीन पानी पत्रात सगळं सांगितलंय, हीच तारीख सांगितली नाहीये, कारण तुम्ही ती कधी विचारलीच नाही. कौन्सिलला लेखी विचारा, उत्तरही लेखी घ्या, फोनवर कुणीतरी काहीतरी सांगितलं ते कोर्टात उपयोगाचं नाही. मग ती तारीख करारावरच्या सहीशी आणि ड्रॉइंगवरच्या तारखांशी ताडून बघा. सही आधीची असेल तर तुमची बाजू बरीच भक्कम, नंतरची असेल तर क्लायंट म्हणणार की मला खोटं सांगून काम घेतलं, आणि त्याला खोडायला कष्ट पडतील.

तरी फी बुडालीच असं समजू नका. मार्च 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाने मुकेश गोयल केसमध्ये सांगितलंय की कलम 37 फक्त 'आर्किटेक्ट' हे नाव वापरायला बंदी करतं, बिगर-रजिस्टर्ड माणसाला डिझाइनचं काम करायला नाही. त्याच निकालात नोएडा शहराच्या विकास प्राधिकरणाला 'असोसिएट आर्किटेक्ट' या पोस्टचं नाव बदलायला लावलं, म्हणजे पुढे एखादा शब्द जोडून पण सुटका नाही. पण काम करायलाच बंदी नसेल तर केलेल्या कामाचे पैसे मागता येतात, निदान तसा युक्तिवाद नक्की करता येतो. महापालिकेत सादर केलेल्या प्लॅनवर तुम्ही आर्किटेक्ट म्हणून सही केली असेल तर तो भाग वेगळा आहे, कागद बघितल्याशिवाय त्यावर बोलणार नाही.

वसुलीचा दावा साधारण तीन वर्षांत लावावा लागतो. अडीच गेली. क्लायंट दिवाळीनंतर देतो म्हणाला म्हणून थांबलो असं तुम्ही लिहिलंय, अहो अशा किती दिवाळ्या जाऊ द्यायच्या? त्याने देणं लेखी कबूल केलं असेल, सही असेल, तर मुदत नव्याने मोजता येते, नुसत्या व्हॉट्सॲपवर मात्र विसंबू नका. शिवाजीनगर कोर्टात दावा लागल्यावर निकालाला किती वर्षं लागतील ते तुमच्या-माझ्या हातात नाही, आपल्याकडे लोकांचं अर्धं आयुष्य तारखांत जातं आणि याची मला खरंच चीड येते, पण दाखल कधी करायचा ते तुमच्या हातात आहे.

फौजदारीची धमकी निम्मी पोकळ आहे. कलम 37 खाली पहिल्या गुन्ह्याला 500 रुपयांपर्यंत दंड, पुन्हा केलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि कलम 39 प्रमाणे तक्रार केंद्र सरकारच्या आदेशाने किंवा कौन्सिलने अधिकार दिलेल्या माणसानेच करायची, क्लायंटला परस्पर करता येत नाही. फसवणुकीची तक्रार तो पोलिसांत देऊ शकतो, ती टिकेल का हे तुमचा हेतू काय होता त्यावर जाईल.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. असावा, हा कायदा असायलाच हवा, आणि आहे त्यापेक्षा कडक हवा. घर बांधणारा माणूस बहुतेक वेळा आयुष्यात एकदाच बांधतो, त्याला सेक्शन-एलिव्हेशनची ड्रॉइंग वाचता येत नाहीत, तो पाटीवरच्या शब्दावर विश्वास ठेवून जन्माची कमाई देतो. वकिलाचं कामच सनदेशिवाय करता येत नाही, आर्किटेक्टचं काम कुणीही करू शकतो हे कोर्टानेच सांगितलंय, मग तुम्हा लोकांकडे त्या नावाशिवाय उरतं काय? इंजिनिअर या नावाला देशात असं संरक्षण देणारा केंद्राचा कायदाच नाही, कोणीही लावतो आणि गिऱ्हाईकाला फरक कळायला मार्ग नसतो. माझी तक्रार वेगळी आहे. 1972 सालचा 500 रुपये दंड आज कुणाला घाबरवणार, आणि ज्याची फसवणूक झाली त्या घरमालकालाच या कायद्याखाली तक्रारीचा हक्क नाही हे तर साफ चूक आहे. कधीच रजिस्टर न झालेले लोक इन्स्टावर बिनधास्त आर्किटेक्ट म्हणवून घेतात आणि अडकतो तो फी भरायला विसरलेला खरा पदवीधर. हे बदलायला हवं, आणि ते तुमच्याच व्यवसायातल्या लोकांनी लावून धरायला हवं.

नाव परत लावून घेण्याचा अर्ज याच आठवड्यात करा, कलम 27 मध्येच ती सोय आहे. ते मागच्या तारखेपासून धरलं जाईल असं गृहीत धरू नका, जे पत्र येईल त्यातला मजकूर नीट वाचा. तोवर पाटी, लेटरहेड, इन्स्टा, ड्रॉइंगचा टायटल ब्लॉक, सगळीकडून तो शब्द काढा. नोटिशीला मुदतीत वकिलामार्फत उत्तर द्या, बाकी फीचा आकडा त्यात स्पष्ट मागा, आणि 'आमचे अशील आर्किटेक्ट आहेत' हे वाक्य कच्च्या मसुद्यात आलं असेल तर सही करण्याआधी खोडा.