ब्रीडर्स कप जुव्हेनाइल फिलीज: अपराजित घोडी निवडावी की सर्वांत वेगवान?

आपला प्रश्न असा आहे की अमेरिकेतील ब्रीडर्स कप जुव्हेनाइल फिलीज या शर्यतीत उतरणाऱ्या दोन वर्षांच्या फिली, म्हणजे तरुण घोड्या, त्याआधी जेमतेम दोन-चार वेळा धावलेल्या असतात, तेव्हा एवढ्या तुटपुंज्या माहितीवरून हँडिकॅपिंग, म्हणजे निवड, करताना अपराजित घोडीला कौल द्यावा की सर्वांत चांगली वेळ नोंदवणाऱ्या घोडीला. ही शर्यत मी बरीच वर्षे बारकाईने पाहत आलो आहे, आणि माझ्या मते या दोन्ही निकषांपैकी एकावरही एकट्याने विसंबू नये. मी प्रत्येक घोडीबाबत पहिल्यांदा हे शोधतो की जे काम तिने आजवर केलेलेच नाही, ते तिला जमेल याची खूण तिच्या मागच्या शर्यतीत कुठे दिसते का.

एक खुलासा आधी करतो. हँडिकॅप म्हटले की आपल्याकडे घोड्यांना कमी-अधिक वजने देण्याची पद्धत डोळ्यांपुढे येते. अमेरिकेत मात्र घोड्यांच्या जिंकण्याच्या शक्यता तोलण्यालाही हँडिकॅपिंगच म्हणतात, आणि आपल्या प्रश्नात हाच अर्थ आहे. या शर्यतीत सर्व फिलींवर सारखेच, 122 पौंड वजन असते, त्यामुळे वजनाचा हिशेब येथे उरत नाही.

न केलेले काम म्हणजे काय, ते सांगतो. 1984 साली सुरू झालेली आणि मैदान बदलत राहणारी ही शर्यत सहसा साडेआठ फर्लांगांची, म्हणजे सुमारे 1,710 मीटरची, मातीच्या ट्रॅकवरची असते आणि बहुतेक मैदानांवर तिच्यात दोन वळणे येतात. याउलट उन्हाळ्यात या फिली पाच ते सात फर्लांगांच्या, एकाच वळणाच्या शर्यती धावतात. साराटोगा मैदानावरची स्पिनअवे आणि डेल मार मैदानावरची डेब्युटांट या दोन्ही नामांकित शर्यती सात फर्लांगांच्या आहेत, आणि न्यूयॉर्कची फ्रिझेट एक मैलाची असली तरी तिच्यातही वळण एकच असते. एका वळणाच्या शर्यतीत घोडी लांब सरळ पट्ट्यावर सुटते आणि वेगाच्या भरात वळण पार करून घरी येते. दोन वळणांच्या शर्यतीत सुरुवातीलाच वळण येते, तिथे जागेसाठी रेटारेटी होते, आणि त्यानंतर घोडीला वेग आवरून शांतपणे धावावे लागते. हे शांत होणे काही फिलींना उपजत येते, तर काहींना वर्षभरानंतरही येत नाही.

2020 सालचा निकाल मला या बाबतीत सर्वांत बोलका वाटतो. त्या वर्षी स्पिनअवे जिंकलेली व्हेक्विस्ट फ्रिझेटमध्ये अपराजित डेआउटऑफदऑफिसच्या मागे दुसरी आली. महिन्याभराने कीनलँड मैदानावर ब्रीडर्स कपमध्ये त्याच दोघी पहिल्या दोन क्रमांकांवर होत्या, फक्त क्रम उलटा झाला होता. मी तेव्हा डेआउटऑफदऑफिसची निवड केली होती, कारण तिने व्हेक्विस्टला समोरासमोर हरवले होते आणि तेवढे मला पुरेसे वाटले होते. एका वळणावरील सरशी दोन वळणांवर तशीच टिकेल का, हे मी स्वतःला विचारलेच नाही, आणि ही चूक माझ्या कायमची लक्षात राहिली. 2022 साली पुन्हा तसेच घडले. स्पिनअवेमध्ये लीव्ह नो ट्रेसने वंडर व्हीलला हरवले, पण वंडर व्हीलने पुढे कीनलँडची अल्सिबायडीज जिंकली आणि त्याच मैदानावर ब्रीडर्स कपही जिंकला. लीव्ह नो ट्रेस दुसरी आली.

अल्सिबायडीज ही शर्यत साडेआठ फर्लांगांची आणि दोन वळणांची आहे, म्हणून मी तिच्या निकालाला अधिक वजन देतो. 2019 ची ब्रिटिश इडियम, 2022 ची वंडर व्हील आणि 2024 ची इमर्सिव्ह या तिघींनी अल्सिबायडीज जिंकून मग ब्रीडर्स कप जिंकला. परंतु याचा नियम करू नये. जेवॉक (2018), एको झुलू (2021) आणि जस्ट एफ वाय आय (2023) या फ्रिझेट जिंकून आल्या आणि दोन वळणांच्या या शर्यतीतही जिंकल्या. एको झुलूने तर त्याच वर्षीच्या अल्सिबायडीज विजेत्या जुजूज मॅपला मागे टाकले. म्हणून मी कोणती शर्यत जिंकली यापेक्षा ती कशी जिंकली हे पाहण्यात जास्त वेळ घालवतो.

त्यासाठी शर्यतीचे चित्रण पुनःपुन्हा पाहण्याला पर्याय नाही. पहिल्या दोन फर्लांगांत जॉकीचे हात कसे आहेत ते पाहावे. घोडी तोंड वर करून लगामाशी झगडत असेल, तर जास्त अंतरावर तिची ताकद कमी पडण्याचा संभव असतो. ती मान खाली घालून दोन घोड्यांच्या मध्ये निमूटपणे धावत असेल, तर ती खूण मला विजयाच्या फरकापेक्षाही मोलाची वाटते. विनिंग पोस्ट, म्हणजे शर्यत संपते तो खांब, गेल्यानंतरही चित्रण थांबवू नये, कारण पोस्ट ओलांडल्यावर जी घोडी सहज पुढे धावत राहते आणि जॉकीला तिला आवरायला वेळ लागतो, तिच्यात जास्त अंतर धावण्याइतका दम शिल्लक असतो.

दुसरी गोष्ट बाहेरून धावण्याची. वळण साधारण अर्धवर्तुळ असते, म्हणून कुंपणापासून एक मीटर बाहेर धावणाऱ्या घोडीला एका वळणावर सुमारे 3.14 मीटर आणि दोन वळणांवर सुमारे 6.3 मीटर जास्त धावावे लागते. एक लेंथ, म्हणजे एका घोड्याची लांबी, अडीच मीटरच्या आसपास धरली, तर हा तोटा जवळजवळ अडीच लेंथचा होतो. कुंपणापासून तीन मीटर बाहेर राहून दोन लेंथनी हरलेली घोडी कुंपणालगत धावलेल्या विजेतीपेक्षा सरस असू शकते, आणि निकालाच्या तक्त्यात हे दिसत नाही.

येथेच ड्रॉचा, म्हणजे घोडीला सुरुवातीला कोणता गेट मिळतो याचा, प्रश्न येतो. या शर्यतीत जास्तीत जास्त 14 घोड्या धावतात. डेल मार आणि सांता अनिता यांसारख्या एक मैल घेराच्या ट्रॅकवर साडेआठ फर्लांगांची सुरुवात पहिल्या वळणापासून फार दूर नसते, त्यामुळे बाहेरच्या गेटमधील घोडीला सुरुवातीलाच जोर लावून पुढे यावे लागते किंवा मागे राहण्याचे स्वीकारावे लागते. चर्चिल डाउन्सला शेवटचा सरळ पट्टा लांब आहे, म्हणून तिथे मागून येणाऱ्यांना सवड मिळते, तर कीनलँडला या अंतरासाठी विनिंग पोस्ट अलीकडे घेतल्यामुळे ती सवड कमी होते. आघाडी घेणाऱ्या फिली किती आहेत हे मोजून ठेवावे. अशी एकच असेल आणि तिला आतला गेट मिळाला असेल, तर ती कितीही दुर्लक्षित असली तरी तिला मी यादीतून काढत नाही. 2014 साली सांता अनिताला 61-1 भावाची (एका रुपयावर 61 रुपये नफा देणारी) टेक चार्ज ब्रँडी आघाडी घेऊनच जिंकली होती. तिच्या आईची आई टेक चार्ज लेडी ही लांब अंतरावर मोठ्या शर्यती जिंकलेली घोडी होती, आणि तो धागा अनेकांच्या नजरेतून निसटला होता.

वंशावळीचा मी एवढाच उपयोग करतो की अंतराची शंका असेल तिथे आईच्या बाजूची कामगिरी पाहावी. पर्सनल एन्साइन या नामांकित घोडीची मुलगी माय फ्लॅग हिने 1995 साली आणि नात स्टॉर्म फ्लॅग फ्लाइंग हिने 2002 साली ही शर्यत जिंकली, हे उदाहरण मला फार प्रिय आहे, पण असे घराणे विरळाच.

वेळ आणि वेगांक, म्हणजे वेळेवरून काढलेली बेयर आकड्यांसारखी मोजमापे, यांना मी कमी लेखत नाही. दोन वर्षांच्या फिली महिन्याभरात झपाट्याने सुधारतात, म्हणून एका मोठ्या आकड्यापेक्षा तीन शर्यतींतील चढता क्रम मला जास्त भरवशाचा वाटतो. सोप्या परिस्थितीत, एकटीने आघाडीवर राहून मिळवलेला मोठा आकडा सर्वांत आधी संशयाने पाहावा. 2020 पासून या शर्यतीत त्या दिवशी लॅसिक्स हे फुफ्फुसांतील रक्तस्राव रोखण्यासाठीचे औषध देता येत नाही, तेव्हा आधीच्या शर्यती औषधासह धावलेल्या घोडीचीही नोंद करावी.

शेवटी भाव. मी भाव पाहण्याआधी प्रत्येक घोडीची शक्यता टक्क्यांत लिहून काढतो. जिला मी 25 टक्के शक्यता देतो, तिचा रास्त भाव 3-1 होतो. ती 5-1 ला मिळत असेल तर मी तिचा विचार करतो आणि 2-1 असेल तर ती आवडती असूनही सोडतो. रास्त भावावर दीर्घकाळात फायदा राहत नाही, आणि टोटमधून, म्हणजे सर्वांच्या पैजांच्या एकत्र रकमेतून, मैदानाचा वाटाही आधीच कापला जातो. 1990 ची मेडो स्टार 1-5 भावाने आणि 2015 ची साँगबर्ड 3-5 भावाने जिंकली. या दोघी अपराजित होत्या आणि त्यांच्या गुणवत्तेबद्दल मलाही शंका नव्हती. अशा वर्षी मी पैसे न लावता शर्यत पाहतो आणि वहीत दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या घोड्यांच्या धावण्याची टिपणे काढून ठेवतो, कारण त्या पुढच्या हंगामात पुन्हा समोर येणार असतात.