बायोप्सीची सुई शरीरात वाकते, तेव्हा तिचे टोक कुठे आहे हे ऑप्टिकल फायबरने कसे कळते?

बायोप्सीच्या अनेक सुयांचे टोक एका बाजूने तिरके कापलेले असते, त्यामुळे ऊतींमधून पुढे सरकताना सुई हळूहळू एका बाजूला वळते; प्रोस्टेटमधील लहान गाठीचा नमुना घेताना काही मिलिमीटरचा फरकही महागात पडतो.

यावरचा एक उपाय म्हणजे सुईच्या पोकळीतील बारीक धातूच्या तारेवर उभ्या खाचा पाडून त्यांत एकमेकांपासून १२० अंशांवर तीन ऑप्टिकल फायबर बसवणे. सुमारे १२५ मायक्रोमीटर जाडीच्या या काचतंतूंत ठरावीक ठिकाणी ‘ब्रॅग ग्रेटिंग’, म्हणजे अतिसूक्ष्म पट्ट्यांची रचना, कोरलेले असते आणि ते एका विशिष्ट तरंगलांबीचाच, बहुधा १५५० नॅनोमीटरच्या आसपासचा, प्रकाश परत पाठवते. सुई वाकली की बाहेरच्या बाजूचा तंतू ताणला जातो, आतल्या बाजूचा दाबला जातो आणि परतणारी तरंगलांबी त्यानुसार सरकते. या फरकांवरून वक्रता आणि दिशा काढून ती मुठीपासून टोकापर्यंत जोडत नेली की सुईचा आकार मिळतो. शरीराच्या उष्णतेनेही तरंगलांबी सरकते, एका अंश सेल्सिअसला साधारण १० पिकोमीटर (पिकोमीटर म्हणजे नॅनोमीटरचा हजारावा भाग). परंतु तो परिणाम तिन्ही तंतूंवर जवळपास सारखा असल्याने वजा करता येतो, आणि मला या रचनेतली हीच सर्वांत सुरेख बाब वाटते.

काच चुंबकीय नसल्यामुळे हे तंतू एमआरआय यंत्रातही चालतात. मात्र त्यांतून सुईचा आकार कळतो, गाठीची जागा नाही. यकृत तर श्वासागणिक हलते, त्यामुळे अल्ट्रासाउंड किंवा एमआरआयची जोड लागतेच.