पाय ‘नको’ म्हणतात तेव्हा

“मावशी, मी ३९ वर्षांची. कोथरूडला राहते, बँकेत नोकरी करते. सहा वर्षं सायकल चालवतेय. आठवड्यातले चार दिवस पहाटे ३०-४० किलोमीटर आणि रविवारी ग्रुपबरोबर सिंहगड, नाहीतर बोपदेव घाटातून सासवड-जेजुरी. गेले चार महिने पायात मणामणाचे दगड बांधल्यासारखं वाटतंय. ज्या घाटात गप्पा मारत चढायचे तिथे आता दोनदा उतरावं लागतं. बँकेचा जिना चढले तरी धाप लागते, दुपारी काउंटरवर डोळे मिटतात, केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या चालू केल्यात. ग्रुपवाले म्हणतात, मायलेज वाढव, स्टॅमिना येईल. वाढवलं, तर आणखी वाईट. सव्वाचारला उठते, पाचला सायकल, सातला परत, मग दोन डबे, साडेनऊला बँक, रात्री पाठ टेकायला साडेअकरा. सोमवार आणि चतुर्थी असते. घरी काहीच सांगितलेलं नाही. सांगितलं की सगळे एकच म्हणणार: सायकल सोड. ती एकच गोष्ट माझी स्वतःची आहे हो. सप्टेंबरात २०० किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी) आहे, नाव देऊ का? आणि मला ‘तू’ म्हणा.”

बरं, तू तर तू.

अगं, तुझं पत्र दोनदा वाचलं. सगळ्यात आधी डोळ्यांत भरला तो बँकेचा जिना. जी बाई रविवारी जेजुरी करून येते तिला एका जिन्यात धाप लागत असेल, तर त्याला स्टॅमिना कमी पडणं म्हणत नाहीत. तेव्हा पहिलं काम डॉक्टरचं, आणि ते याच आठवड्यात. मी डॉक्टर नाही, पण कशाबद्दल विचारायचं ते सांगते.

‘हिमोग्लोबिन बघा’ एवढंच सांगून येऊ नकोस. बायकांमध्ये १२ च्या खाली गेलं की अ‍ॅनिमिया धरतात, पण आकडा १२.२ आला आणि ‘नॉर्मल आहे’ म्हणून घरी पाठवलं असं पुष्कळदा होतं. हिमोग्लोबिन घसरायच्या बरंच आधी शरीरातला लोहाचा साठा संपत येतो. तो कळतो फेरिटिनच्या तपासणीत. म्हणून फेरिटिनचं नाव घेऊन विचार. त्याबरोबर बी-१२ (शाकाहारी घरात हे पुष्कळदा कमी निघतं), थायरॉइड, साखर आणि ड जीवनसत्त्व. तुझ्या त्या बायोटिनच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरला आणि लॅबवाल्याला आवर्जून सांग, कारण त्या गोळ्यांमुळे थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात. काही दिवस बंद ठेवायला सांगतील. रक्त द्यायच्या आदल्या दिवशी घाट करू नकोस. दमवणाऱ्या व्यायामानंतर लिव्हरच्या तपासणीतलेही काही आकडे चढलेले दिसतात आणि मग नसता घोर लागतो.

एक गोष्ट तू लिहिलेली नाहीस, म्हणून मीच विचारते. पाळी कशी आहे? दर एक-दोन तासांनी पॅड बदलावं लागत असेल, गाठी जात असतील, तर लोह कुठे जातंय ते वेगळं शोधायला नको. आणि उलट पाळी लांबायला लागली असेल, तर तू जेवढं खर्च करतेस तेवढं खात नाहीस असं शरीर सांगतंय. दोन्ही डॉक्टरला सांगण्यासारखं आहे, लाजू नकोस. छातीत दडपण, चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी, छातीत उगाच धडधड, संध्याकाळचा बारीक ताप, कारण नसताना उतरलेलं वजन, यातलं काही असेल तर आठवड्याचीही वाट बघायची नाही.

आता खाणं. तू पहाटे नुसत्या चहावर निघतेस असं मी धरून चालते, कारण पुण्यातले निम्मे सायकलवाले तसेच निघतात. त्यात सोमवारचा उपास. सायकल मारून आल्यावर दोन डबे भरायचे, आणि स्वतः काय, तर अकरा वाजता वाटीभर साबुदाण्याची खिचडी? उपास सोड असं मी म्हणणार नाही, तो तुझा आणि तुझ्या देवाचा प्रश्न. पण मग सोमवारी सायकल नको. रविवारी शंभर किलोमीटर झाल्यावर सोमवारी पोट भरायचं असतं, नेमकं तेव्हाच तू ते रिकामं ठेवतेस.

निघताना एक केळं किंवा चार खजूर. दीड-दोन तासांच्या वर जाणार असशील तर दर तासाला आणखी एखादं केळं, चिक्की, राजगिऱ्याचा लाडू, काहीही. परत आलीस की अर्ध्या-पाऊण तासात नीट नाश्ता, तोही बसून. ओट्याशी उभ्याउभ्या खाल्लेली अर्धी पोळी मी नाश्त्यात मोजत नाही. आणि जेवणाबरोबरचा चहा तेवढा तोड. चहामुळे जेवणातलं लोह नीट अंगी लागत नाही, तासभर तरी मध्ये जाऊ दे. डाळ-उसळीवर लिंबू पिळ, हळिवाचे लाडू कर. बीट लाल असतं म्हणून रक्त वाढवतं, ही मात्र आपल्या आयांची समजूत. बीट आवडत असेल तर खा, भरवसा ठेवू नकोस. खरोखर साठा तळाला गेला असेल तर नुसत्या खाण्याने तो भरणार नाही, लोहाच्या गोळ्या लागतील, त्याही काही महिने. मात्र तपासणीआधी मैत्रिणीच्या सांगण्यावरून त्या सुरू करू नकोस. मग खरं किती कमी होतं ते कळतच नाही.

पण माझं खरं भांडण तुझ्या झोपेशी आहे. साडेअकरा ते सव्वाचार म्हणजे पावणेपाच तास. मोठ्या माणसाला किमान सात लागतात, सायकल न चालवणाऱ्यालासुद्धा. घाट चढताना पायांची झीज होते आणि ती भरून निघते रात्री. तू रोज झीज करतेस आणि भरपाईची वेळ डब्यांना देऊन टाकतेस. वर ग्रुप सांगतो मायलेज वाढव! या सल्ल्याचा मला फार राग आला. दमलेल्या बैलाला पराणी टोचण्यातला प्रकार आहे हा.

तेव्हा सायकल सोडायची नाही, दहा दिवस भिंतीला टेकवून ठेवायची. त्या दहा दिवसांत पहाटेचा गजर बंद. रोज अंथरुणातून उठायच्या आधी मिनिटभर नाडी मोज आणि कॅलेंडरवर लिहून ठेव. त्यातून तुझा नेहमीचा आकडा कळेल. पुढे कधी सकाळी तो सात-आठ ठोक्यांनी चढलेला दिसला, तर त्या दिवशी घाट नाही. दहा दिवसांच्या झोपेने पाय हलके झाले, तर बराचसा थकवा निव्वळ विश्रांती न मिळाल्याचा होता. काहीच फरक पडला नाही, तर तेही डॉक्टरला सांग, त्यांना उपयोगी पडेल. परत सुरू करशील तेव्हा आठवड्यातले दोनच दिवस आणि रविवार, आणि त्यातही बहुतेक वेळ पूर्ण वाक्यात बोलता येईल इतक्याच वेगाने. चांदणी चौकाच्या चढावर तुला कुणी मागे टाकलं तर टाकू दे.

आणि आता घर. ‘सांगितलं की सायकल बंद’ हे वाक्य वाचून मला माझं एक वर्ष आठवलं. धाकट्याच्या वेळेनंतर मला असाच थकवा होता. सासऱ्यांना कळलं तर ते नोकरी सोडायला लावतील म्हणून मी वर्षभर कुणाला बोलले नाही. शेवटी तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन सात निघालं. नोकरीचा त्यात काही दोष नव्हता, पण लपवल्यामुळे वर्ष गेलं आणि मी चिडकी आहे असा घरात कायमचा शिक्का बसला, तो आजतागायत पुसलेला नाही.

तुझ्या घरचे काय म्हणतील ते तूच ठरवून मोकळी झालीस, त्यांना अजून बोलायची संधीच मिळालेली नाही. रिपोर्ट हातात आला की नवऱ्याला समोर बसव. ‘मला थकवा आहे’ एवढ्यावर थांबलीस तर तो ‘सायकल सोड’वरच येईल, म्हणून पुढचंही लगेच सांग: हे कमी निघालंय, हे औषध आहे, मला सात तास झोप हवी आहे आणि त्यासाठी दोन डबे आठवड्यातून तीन दिवस तू भरायचेस. पोळ्यांना बाई लावा नाहीतर कोपऱ्यावरच्या पोळीभाजी केंद्रातून आणा. त्याने सायकलचा विषय काढलाच, तर त्याला विचार, आपण डब्यांऐवजी आधी सायकलच का कमी करायची? खरंच विचार. उत्तर काय येतं ते मला कळव, मला उत्सुकता आहे.

राहता राहिली बीआरएम. सप्टेंबरच्या २०० ला नाव देऊ नकोस. साडेतेरा तास वेळ मिळतो हे खरं, तुझ्यासारखीला एरवी तो पुरून उरेल, पण लोहाचा साठा भरायला महिने लागतात आणि बीआरएम काय, पुढच्याही महिन्यांत असतात. दिवाळीनंतर हवा छान असते. तोवर फेरिटिन पुन्हा तपासून घे, बोपदेव एकदा न उतरता चढून बघ, आणि वर पोचल्यावर गप्पा मारता आल्या तर तिथूनच फॉर्म भर.